पेंढ्याची साखर आणि यमुनाबाईंची पडवी

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेली बाई साधारण दुसऱ्या जिलेबीच्या सुमारास विचारते, "तुम्ही नोकरी कुठे करत होतात?" मी सांगते, "शहापूर-मुरबाड रस्त्यावर आमचं एक युनिट होतं. तिथे आम्ही पेंढ्याची साखर करायचो." बाई आधी माझ्याकडे बघते, मग हातातल्या जिलेबीकडे बघते, आणि ती जिलेबी हळूच पानाच्या कडेला ठेवते. पुढचं जेवण शांततेत होतं.

तेव्हा आधी आमचा धंदा काय होता ते सांगते. भाताच्या पेंढ्यात साखर असते, पण ती आपल्याला खाता येऊ नये अशा बेताने बांधलेली असते. साखरेचे कण एकमेकांचे हात धरून लांबच लांब माळेत उभे, माळा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, आणि त्यांच्यावर चिवट लेप. तो लेप सैल व्हावा म्हणून आम्ही पेंढा कापून सौम्य क्षारात भिजवायचो, वाफेवर शिजवायचो, धुवायचो. मग टाकीतल्या गरम पाण्यात तो टाकून त्यात एन्झाइम सोडायचो. बुरशी आपलं अन्न विरघळवण्यासाठी अंगातून जो रस सोडते त्यातली ही करामत. पुस्तकात त्याला 'विकर' म्हणतात. आमच्याकडे त्यांना 'गडी' म्हणत.

गडी तीन. पहिला माळ मधेच कुठेही तोडतो. दुसरा मोकळं झालेलं टोक धरतो आणि दोन-दोन कणांच्या जोड्या कापत सुटतो. तिसरा त्या जोड्या फोडून साखरेचा एकेक कण सुटा करतो. हा तिसरा दिसायला बिनमहत्त्वाचा, पण तो नसला की जोड्यांचा ढीग साचतो आणि तो ढीग बघून पहिले दोघे काम थांबवतात. हे मी गमतीने सांगत नाही, खरंच थांबवतात. तिघांचं प्रमाण जमवायचं, एवढंच आमचं शास्त्र. कोलम भाताच्या पेंढ्याला एक प्रमाण, जया भाताच्या पेंढ्याला दुसरं, आणि पावसात भिजलेल्या पेंढ्याला कुठलंच नाही.

युनिट म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड, एक टाकी, एक प्रयोगशाळा आणि चहाची एक जागा. प्रमुख होते पाध्ये सर. माणूस विद्वान, आवाज कधी चढवला नाही, पण गप्प बसून समोरच्याला घाम फोडायचे. मी प्रयोगशाळा सांभाळायचे. टाकीवर बबन होता, सरळगावचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. टाकीच्या पत्र्याला कान लावून आत काय चाललंय ते सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

त्या मे महिन्यात असं कळलं की मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब येणार. त्यांना टाकीतल्या साखरेचा आकडा पटला तर युनिट राहणार, नाहीतर शेडला कुलूप. हे पाध्ये सरांनी सांगितलं नव्हतं, त्यांच्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, म्हणजे खरं होतं.

साहेब यायच्या आधी अकरा दिवस आम्ही टाकी लावली. पहिल्या दिवशी साखर छान चढली. दुसऱ्या दिवशी थांबली. तिसऱ्या दिवशीही तिथेच. सरांचा संशय टाकी ढवळणाऱ्या मोटारीवर गेला. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि मोटार खोलायला घेतली. बबनने टाकीला कान लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, दोघं बसलेत. तिसरा आलाच नाय."

तिसरा गडी कुठे राहिला होता ते मला एकदम आठवलं.

झालं होतं असं. दहा-बारा दिवसांपूर्वी ऑफिसातल्या एका मुलीचं डोहाळजेवण आम्ही युनिटमध्येच केलं होतं. मी घरून आमरसाचं मोठं पातेलं नेलं होतं. पातेलं फ्रिजमध्ये मावेना, म्हणून तिसऱ्या गड्याचा डबा बाहेर काढला आणि हाताला येईल अशा फळीवर ठेवला. फळीच्या खालून वाफेची नळी गेलेली. बाहेर मे महिना, वर पत्रा. आमरस संपला, पातेलं घरी गेलं, डबा मात्र फळीवरच राहिला. टाकी लावायच्या दिवशी तो मला तिथेच दिसला, मी उचलला आणि मापून ओतला. हाताला गरम लागला होता, पण त्या शेडमध्ये हाताला काय गरम लागत नव्हतं!

अशा डब्यात गडी असतो, पण तो शिजलेला असतो.

नवा डबा मागवायचा तर परदेशातून यायला तीन आठवडे. आणि मागवायचा कशासाठी, हे सरांना सांगावं लागणार. ते सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी सरळ सांगते, कारण आता निवृत्तीवेतन सुरू आहे.

रात्रभर मला झोप आली नाही. पण सकाळी एक आठवण झाली. आमच्या बुरश्यांच्या संग्रहात एक जुनी नळी होती. काळी बुरशी, कांद्याच्या सालीवर दिसते त्याच कुळातली. तिसरा गडी ती ढीगभर तयार करते. तिला गव्हाच्या कोंड्यावर वाढवायचं, चार-पाच दिवसांत ती भरून येते, मग कोंडा पाण्यात भिजवून गाळायचा की त्या पाण्यात गडी उतरतो. अडचण एकच. काळ्या बुरशीची भुकटी प्रयोगशाळेत उडाली तर आमच्या बाकीच्या सगळ्या नळ्या नासणार, आणि सर तर तिथेच बसलेले. जागा बाहेरची हवी होती.

"यमुनाबाईंची पडवी," बबन म्हणाला.

यमुनाबाई शेडच्या मागच्या गावातल्या. आमचा पेंढा त्यांच्या गटाकडून यायचा. दोन म्हशी, थोडं भात, आणि बचत गटाचं अध्यक्षपद. या बाईंनी गटातल्या बायकांना घेऊन गावातली दारूची भट्टी बंद पाडली होती. मडकी त्यांनी स्वतःच्या हाताने फोडली होती. पडवी मोठी, सावलीची, उत्तरेकडे तोंड. बुरशीला आणखी काय हवं?

मी त्यांना सगळं खरं सांगितलं, आमरसासकट. त्या पोट धरून हसल्या.

"म्हंजे सुनंदाबाय, तुमी आमरसापायी कारखाना बुडवला?"

"अजून बुडाला नाही. तुमच्या पडवीत वाचेल."

"आनि कुनाला सांगायचं नाय?"

"पाच दिवस नाही."

"बरं. पन माज्या पराती धुऊन द्यायच्या. तुमच्या हातानी."

गिरणीतून कोंडा आणला. यमुनाबाईंच्या मोठ्या कुकरमध्ये तो ओला करून शिजवला. गार झाल्यावर त्यात नळीतली बुरशी मिसळली, पाच परातींत पातळ पसरला आणि वर ओली धोतरं टाकली. दोन दिवसांनी कोंड्यावर पांढरी लव आली. तिसऱ्या दिवशी तो एकसंध होऊन भाकरीसारखा सुटू लागला. चौथ्या दिवशी कडा काळ्या पडल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत मी शेताच्या बांधावरून लपतछपत पडवीत जायचे, धोतरं ओली करायचे, परत यायचे. सरांना वाटायचं मी जेवायला घरी जाते. माझं घर शहापुरात आहे, पाऊण तास लांब, हे त्यांच्या लक्षात कधीच आलं नाही.

गावाच्या मात्र सगळं लक्षात आलं. यमुनाबाईंच्या पडवीत झाकलेल्या पराती, ओल्या कोंड्याचा आंबूस वास, कंपनीची बाई दुपारी चोरपावलांनी येते, आणि यमुनाबाई विचारलं तर काही सांगत नाहीत. याचा अर्थ गावात एकच निघतो.

पाचव्या दिवशी, बुधवारी, मी पडवीत बसून पहिली परात गाळत होते. सोबत थर्मासमध्ये आमच्या टाकीतला थोडा रस आणला होता, कारण गडी जिवंत आहे की नाही ते बघायचं होतं. अंगणात जीप थांबली. दारूबंदी खात्याचे एक साहेब आणि दोन शिपाई उतरले.

"यमुनाबाई कोण?"

"मी."

"तक्रार आहे. भट्टी लावलीय म्हणे."

यमुनाबाईंचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. मडकी फोडणारी बाई, आणि तिच्या दारात हे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाच दिवस गप्प राहायचा शब्द त्यांनी अजून पाळला होता.

शिपायांनी घर बघितलं. नवसागर नाही, सडका गूळ नाही, मडकं नाही. एका डब्यात गूळ सापडला.

"तो चहाचा हाय," यमुनाबाई म्हणाल्या. "च्या घेनार का?"

साहेबांनी परातीवरचं धोतर उचललं, वास घेतला आणि मागे सरकले. "हे काय आहे?"

मी उभी राहिले. कोपरापर्यंत कोंड्याने माखलेले हात, गाळायचं कापड खांद्यावर. कंपनीचं ओळखपत्र दाखवलं आणि त्यांना तीन गड्यांची गोष्ट सांगितली. साहेब शांतपणे ऐकत होते. भट्टीवाले किती प्रकारच्या गोष्टी सांगतात याची त्यांना सवय असावी.

"म्हणजे हे पाणी त्या रसात घातलं की साखर होते?"

"साखर आहेच, पण ती जोडीजोडीने आहे. ती सुटी होते."

"आणि हे मी कसं मानायचं?"

तेवढ्यात एका शिपायाने जीपमधून पिशवी आणली. साहेबांना मधुमेह होता, जेवणानंतर बोट टोचून रक्तातली साखर बघायची त्यांची वेळ झाली होती. छोटं मशीन, पट्ट्यांची डबी. मी त्या मशीनकडे बघतच राहिले.

"साहेब, एक पट्टी द्याल?"

हे मशीन फक्त सुटी साखर ओळखतं. जोडीने आलेल्या साखरेला ते ओळखच दाखवत नाही. मी थर्मासमधला रस थोडा पाण्यात पातळ केला आणि एक थेंब पट्टीला लावला. आकडा आला तो अगदी साधा, सकाळी उपाशीपोटी निरोगी माणसाचा असावा तसा.

"हे तर काहीच नाही," साहेब म्हणाले.

"थांबा." मी गाळलेलं काळपट पाणी थर्मासमध्ये ओतलं, झाकण लावलं, हलवलं. अर्धा तास सगळे पडवीत बसलो. यमुनाबाईंनी चहा केला, त्या चौकशीतल्या गुळाचाच. साहेबांनी बिनगोडाचा घेतला. मला वाटत होतं, बुरशीने दगा दिला तर माझी नोकरी, युनिट आणि या बाईंचं नाव, तिन्ही एका थर्मासमध्ये बुडणार.

अर्ध्या तासाने पुन्हा तेवढाच रस, तेवढंच पाणी, नवी पट्टी. मशीन क्षणभर थांबलं आणि आकड्याऐवजी त्यावर इंग्रजी 'एच-आय', म्हणजे 'हाय', अशी अक्षरं आली. म्हणजे साखर मोजण्यापलीकडे.

साहेबांनी मशीन हातात घेतलं, चष्मा वर सारला. "माझीसुद्धा एवढी कधी आली नाही," ते म्हणाले. मग थोडा विचार करून, "डॉक्टरांनी भात सोडायला लावलाय. आता पेंढ्याचंही पथ्य बघायला हवं."

आधी शिपाई हसले, मग आम्ही. यमुनाबाई हसल्या नाहीत.

"आनि या साखरेचं पुढं काय करता?" एका शिपायाने विचारलं.

"पुढे दुसऱ्या कारखान्यात जाते," मी म्हटलं. हे खरं होतं. तिथे तिचं काय होतं ते त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जीप गेली.

संध्याकाळी पाचही परातींचं पाणी बबनने कळशीतून डोक्यावर आणलं आणि आम्ही ते टाकीत सोडलं. थोड्या वेळाने त्याने पत्र्याला कान लावला. "उठले," म्हणाला. गुरुवारी साखर चढली, शुक्रवारी आणखी चढली. सरांनी मोटारीचे नटबोल्ट आवळून हात पुसले आणि म्हणाले, "बघा, मोटारच होती." मग त्यांना शंका आली. "तुम्ही आणखी काही केलंत का?"

"तिसऱ्याचा उरलेला डबा सगळा ओतला," मी म्हटलं. खोटं बोलताना माणूस किती सहज बोलतो!

शनिवारी मुंबईचे साहेब आले. आकडा बघून खूश झाले. त्यातल्या सर्वांत मोठ्या साहेबांना चव घ्यायची होती. मी चमच्यात तपकिरी पाक दिला. त्याची चव ओल्या गोठ्यात बसून प्यालेल्या काळ्या चहासारखी लागते. साहेबांनी तो गिळला, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रॉमिसिंग." युनिट वाचलं. पुढेही ते बरीच वर्षं चाललं. नंतर कंपनीचं मन दुसरीकडे रमलं आणि शेड रिकामी झाली, पण ते दुःख वेगळं आहे.

सोमवारी पाध्ये सर टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. मी विचारलं, कुणाला. "एन्झाइम देणाऱ्या कंपनीला. त्यांच्या डब्यात दम नव्हता, दुप्पट घालावं लागलं. त्यांचा तो ठाण्याचा माणूस येतो ना, त्याला जाब विचारायला हवा."

तो ठाण्याचा माणूस आमच्याकडे यायचा तेव्हा कल्याणहून बस पकडून यायचा, घामाने निथळत, आणि पहिल्यांदा पाणी मागायचा. त्याच्या अंगावर माझा आमरस सांडणार होता. मी खुर्ची ओढली, बसले आणि सगळं सांगितलं. डबा, फळी, पडवी, जीप, थर्मास.

सरांनी पेन खाली ठेवलं. नेहमीप्रमाणे गप्प बसले. मला घाम फुटला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "त्या डोहाळजेवणाचाच आमरस ना?"

"हो."

"मी दोन वाट्या घेतल्या होत्या." त्यांनी समोरचं पत्र उलटं ठेवलं. "तिसरीही घेतली असती."

मग त्यांनी लिहिलेलं पत्र फाडलं आणि दुसरं लिहिलं, मला. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये खाद्यपदार्थ ठेवल्याबद्दल खुलासा करावा. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता पडवी दाखवा."

सर चपला बाहेर काढून त्या पडवीत शिरले आणि परातीत राहिलेला काळा कोंडा इतक्या आदराने बघत राहिले की यमुनाबाईंनी त्यांना पाट दिला. पण त्या माझ्याशी बोलेनात. पराती मी घासत होते, त्या म्हशीला पाणी दाखवत होत्या. शेवटी मीच विचारलं.

"काय झालं यमुनाबाय?"

"काय व्हनार? जीप येऊन गेली ती सगल्यांनी बघितली. मशीन कुनी नाय बघितलं. काल एक जन कुंपनाशी आला, हलू आवाजात बाटली मागत व्हता. माज्याकडं! गटातल्या बाया माज्या डोल्यात बघत नाय."

माझी नोकरी वाचली होती, युनिट वाचलं होतं. या सगळ्यात एकाच माणसाचं काही गेलं होतं, आणि त्या माणसाचा यात काहीच स्वार्थ नव्हता. त्यांनी शब्द पाळला म्हणून त्यांचं नाव गेलं होतं. एवढी लाज मला सरांसमोरही वाटली नव्हती.

गटाची बैठक गुरुवारी देवळाच्या ओट्यावर असायची. मी गेले. वीसेक बायका, कुणी पोराला पाजत, कुणी भाजी निवडत. मी उभी राहिले आणि सगळं पुन्हा सांगितलं. वरिष्ठांसमोर बोलण्यापेक्षा हे अवघड होतं, कारण या बायका मधे मधे प्रश्न विचारत होत्या. आमरस हापूसचा का पायरीचा? पातेलं केवढं? परातींना आता वास येतो का? सांगून झालं. यमुनाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या.

"मंग चूक कोनाची ते सांगा," त्या म्हणाल्या.

"माझी."

"मागच्यांना नाय ऐकू आलं."

"माझी चूक! यमुनाबाईंची नाही. दारूचा थेंब नव्हता."

ओट्यावर कुजबूज झाली. एक म्हातारी पुढे सरकून यमुनाबाईंना म्हणाली, "मी बोलले व्हते गो, हिच्या घरात तसलं काय नाय व्हनार." ती तसं बोलली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी हटकलं नाही. यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि गटाच्या वहीत पुढचा विषय काढला. तो म्हशींच्या विम्याचा होता.

मी चपला घालून निघाले. वळणाशी गटातल्या दोघी मागून आल्या. इकडे तिकडे बघितलं. त्यातली धाकटी माझ्या अगदी जवळ आली.

"मॅडम, एक विचारू? तुमी एवढं खरं बोललात म्हनून विचारते. त्या पेंढ्याच्या साखरेची दारू व्हते का?"

होते. उत्तम होते. दुसऱ्या कारखान्यात आमच्या साखरेचं तेच करतात, फक्त ती बाटलीत न जाता गाड्यांच्या पेट्रोलमध्ये जाते. जगभर लोक पेंढा फोडतात तो त्याचसाठी.

मी त्या दोघींकडे बघितलं. मागे ओट्यावर यमुनाबाईंचा आवाज येत होता, खणखणीत, पहिल्यासारखा.

"छे," मी म्हटलं. "अजिबात होत नाही."